हाड मोडलं तर पहिल्या तासापासून रॉड काढेपर्यंत काय काय बघायचं, खान्देशातल्या घरांसाठी

घरात पहिल्यांदाच कुणाचं हाड मोडलं की सगळे एकदम गडबडतात. कोणी म्हणतं धुळ्याला न्या, कोणी म्हणतं जळगावला, कोणी म्हणतं सुरतला आपला मामेभाऊ आहे तिकडेच चला, आणि एखादे आप्पा हमखास सांगतात की अमुक गावाला पट्टी बांधणारा आहे, तीन पट्ट्यांत माणूस चालायला लागतो. मी फिजिओथेरपीचं काम करते, त्यामुळे माझ्याकडे पेशंट येतो तो प्लास्टर सुटल्यावर किंवा ऑपरेशन झाल्यावर. यावल-रावेरच्या केळीच्या बागांमधले, कापसाच्या शेतातले, हायवेवर बाईक घसरलेले, असे इतके हातपाय बघून माझं एक मत पक्कं झालंय. ऑपरेशन दोन तासांत होतं, पण माणूस परत शेतात उभा राहील का, मांडी घालून जेवायला बसेल का, हे पुढच्या चार-सहा महिन्यांत घरी ठरतं. आणि जे बिघडतं ते बहुतेक वेळा आधी इशारा देतं, फक्त तो इशारा रात्री दोन वाजता घरी मिळतो, डॉक्टरच्या समोर नाही, म्हणून घरच्यांनाच तो ओळखता आला पाहिजे. हे सगळं त्या घरच्यांसाठी लिहितेय, जे पहिल्यांदाच यात पडलेत आणि "आते काय करानं" असं एकमेकांना विचारतायत.

पहिली पायरी: जागेवर

मोडलेला हात-पाय ओढून सरळ करायचा नाही. ट्रॅक्टर उलटला, झाडावरून पडला, थ्रेशरमध्ये हात गेला, काहीही असो, आहे त्या स्थितीत आधार द्यायचा. बांबूची पट्टी, जाड पुठ्ठा, लाकडी फळी, जे सापडेल ते, पण बांधताना मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे हलणार नाहीत असं बांधायचं आणि बोटं उघडी ठेवायची. अंगठी, बांगड्या, हातातलं कडं, पायातली जोडवी लगेच काढून ठेवा, तासाभरात सूज आली की मग कापावीच लागतात.

हाडाच्या जागी जखम असेल, रक्त येत असेल, हाड दिसत असेल, तर ते उघडं फ्रॅक्चर, आणि त्याची घाई वेगळी. त्यावर हळद, चुना, माती, कॉफी पावडर असलं काहीही भरू नका, स्वच्छ कापड ठेवा, रक्त येत असेल तर जखमेवर दाबून धरा, बाहेर आलेल्या हाडावर नाही, आणि निघा. अशा जखमेत अँटिबायोटिकचं इंजेक्शन जितक्या लवकर मिळेल, शक्यतो पहिल्या तासातच, तितका पुढे हाडात पू होण्याचा धोका कमी होतो. मोठं हॉस्पिटल लांब असेल, धडगाव-अक्कलकुव्यासारख्या डोंगराळ भागातून यायचं असेल, तर वाटेतल्या ग्रामीण रुग्णालयात धनुर्वाताचं आणि अँटिबायोटिकचं इंजेक्शन घेऊन, कागदावर वेळ लिहून घेऊन मग पुढे जा. मांडीचं हाड मोडलं की बाहेर एक थेंब न दिसता आतल्या आत एक-दीड लिटर रक्त जाऊ शकतं, त्यामुळे असा पेशंट गार पडला, घाम फुटला, भोवळ यायला लागली तर जीपमध्ये बसवून न्यायचा नाही, १०८ ला फोन करून आडवा न्यायचा.

आणि चहा-पाणी-बिस्किट देऊ नका. आपल्याकडे धीर द्यायचा म्हणजे आधी चहा, पण पोट भरलेलं असलं की भूल द्यायला सहा-सहा तास थांबावं लागतं आणि तेवढं ऑपरेशन लांबतं.

दुसरी पायरी: कुठे न्यायचं, आणि पट्टीवाल्याबद्दल स्पष्ट बोलते

जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत हाडांची पुष्कळ ऑपरेशनं बसतात, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत, आणि आता पिवळ्या-केशरीबरोबर पांढरं रेशनकार्डही चालतं. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचं काम बघणारा माणूस, बसलेला असतो, भरती होतानाच त्याला शोधा, रेशनकार्ड आणि आधार मागवून घ्या. फोनवर विचारायचं तर १५५३८८. पैसे भरून झाल्यावर योजनेचं विचारायला गेलात तर हातात काही येत नाही. रस्त्यावरचा अपघात असेल तर हॉस्पिटलात पोलीस केसची नोंद झालीये ना ते बघा, पुढे इन्शुरन्सच्या क्लेमला तोच कागद लागतो.

आता पट्टी. मला माहितीये की पट्टी बांधणाऱ्यांवर लोकांचा जीव आहे, पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, आणि मुका मार किंवा न हललेलं बारीक फ्रॅक्चर असेल तर ते पट्टीनेही बरं होतं कारण ते तसंही बरं होणारच असतं. पण ताज्या फ्रॅक्चरवर बांबूच्या कामट्या लावून दोरीने आवळून बांधलं, आणि आतून सूज वाढत गेली, तर रक्तच बंद पडतं. बोटं काळी पडून हात कापावा लागलेल्या लहान मुलांच्या केसेस डॉक्टरांना आजही दिसतात. कोपराचं फ्रॅक्चर घेऊन पोरगं पट्टीवाल्याकडे नेऊ नका, हात जोडून सांगते. आखाजीला झोक्यावरून, उन्हाळ्याच्या सुट्टीत चिंचेच्या झाडावरून पोरं पडतात ती हात टेकून पडतात, आणि पाच ते आठ वयात कोपराच्या थोडं वरचं हाड मोडतं, तिथेच हाताची मुख्य रक्तवाहिनी आणि नसा आहेत. अशा पोराच्या मनगटाची नाडी लागते का आणि ते बोटं हलवतं का, हे डॉक्टर सगळ्यात आधी बघतात.

तिसरी पायरी: एक्स-रे आणि "प्लास्टर की ऑपरेशन"

एक्स-रे दोन बाजूंनी काढलेला हवा, समोरून आणि बाजूने, आणि त्यात वरचा-खालचा सांधा आला पाहिजे. मनगटात अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल आणि एक्स-रे "नॉर्मल" असेल तरी दहा-चौदा दिवसांनी परत काढायला सांगतात ते पैशासाठी नसतं, तिथलं एक छोटं हाड असं आहे की त्याचं फ्रॅक्चर पहिल्या दिवशी दिसतच नाही आणि सुटलं तर पुढे जुळत नाही.

प्लास्टर की ऑपरेशन हा प्रश्न लोक "ऑपरेशन टळलं म्हणजे वाचलो" असा घेतात. हाड जागेवर असेल, सांध्यात गेलेलं नसेल तर प्लास्टर उत्तम. लहान मुलांची हाडं तर थोडी वाकडी जुळली तरी वाढीबरोबर बरीच सरळ होतात. पण फ्रॅक्चर सांध्याच्या आत गेलं असेल तर तो पृष्ठभाग नीट बसवावाच लागतो, नाहीतर काही वर्षांत तो सांधा झिजतो आणि मग गुडघा किंवा घोटा कायमचा दुखत राहतो. मोठ्या माणसाच्या मांडीच्या हाडाला बहुतेक वेळा रॉडच, कारण तीन महिने पायाला वजन लटकवून खाटेवर ठेवलं तर पाठीला जखमा, छातीत कफ, पायात रक्ताच्या गाठी, हे सगळं वर येतं.

डॉक्टरांना विचारायला लाजू नका. एवढं तरी विचाराच: हाड कुठलं आणि सांध्यात गेलंय का, काय बसवणार, वजन कधी टाकायचं, आणि यात काय बिघडू शकतं. संमतीच्या कागदावर सही करताना तो वाचून घ्या, वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. "स्टील की टायटॅनियम" यावर लोक फार अडकतात, योजनेत स्टील मिळालं म्हणून नातेवाईक हळहळतात. दोन्हीने हाडं जुळतात. हाड कसं बसवलं आणि नंतर पेशंट कसा वागला याने फरक पडतो, धातूने फार कमी.

चौथी पायरी: पहिले तीन दिवस

या पायरीवर मी जास्त थांबणार आहे कारण सगळ्यात मोठं कायमचं नुकसान इथे होतं आणि ते टाळता येतं.

सूज पहिले ४८ ते ७२ तास वाढत जाते. म्हणून सुरुवातीला कच्चं प्लास्टर घालतात, पक्कं नंतर. घरी पाठवलं असेल तर हात किंवा पाय उशीवर, काळजाच्या थोडा वर ठेवायचा. आणि दर एक-दोन तासांनी, रात्रीसुद्धा, बोटं बघायची. रंग कसा, गरम आहेत की गार, हलतात का, मुंग्या आहेत का. बोटाचं नख दाबून सोडलं की पांढरं होऊन दोन सेकंदांत परत गुलाबी झालं पाहिजे.

स्नायू ज्या आवरणात असतात ते ताणत नाही, आत सूज आणि रक्त भरलं की दाब वाढून स्नायूचाच रक्तपुरवठा तुटतो. याला डॉक्टर कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. नडगीचं हाड आणि कोपर ते मनगटाची हाडं, इथे जास्त होतं. ओळखायची खूण अशी: दुखणं फ्रॅक्चरच्या मानाने खूप जास्त, गोळी-इंजेक्शन देऊनही वाढतच चाललेलं, आणि पेशंटची बोटं तुम्ही हळूच सरळ केली तर तो किंचाळतो. नाडी लागतेय म्हणून निश्चिंत होऊ नका, नाडी शेवटपर्यंत लागू शकते. बोटं बधिर होऊन हलेनाशी झाली म्हणजे आधीच उशीर झालाय. अशा वेळी सकाळची ओपीडी बघत बसायचं नाही, कारण साधारण सहा तासांनंतर स्नायू मरायला लागतात आणि मेलेला स्नायू परत येत नाही, हात आखडून पंज्यासारखा होतो. लगेच हॉस्पिटल गाठायचं, प्लास्टर आणि आतला कापूस पूर्ण उघडायला सांगायचं, तरी आराम नाही पडला तर डॉक्टर ते आवरण चिरून दाब मोकळा करतात. ती चीर लांबलचक असते, बघून घरचे घाबरतात, पण तिनेच हात वाचतो.

लहान पोरं "दुखतंय" एवढंही नीट सांगत नाहीत. ते सतत रडतंय, शांतच होत नाहीये, औषध वाढवून मागावं लागतंय, तर तोच इशारा समजा.

मांडी किंवा नडगीचं हाड मोडलेल्या तरण्या माणसाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अचानक दम लागला, बडबड करायला लागला, छातीवर-काखेत बारीक लाल ठिपके आले, तर हाडातली चरबी रक्तात जाऊन फुफ्फुसाला त्रास होत असतो. वॉर्डातल्या सिस्टरला त्याच क्षणी सांगा, "झोप झाली नसेल" म्हणून सोडून देऊ नका.

पाचवी पायरी: म्हाताऱ्या माणसाचा खुबा

मोरीत पाय घसरून पडलेली आजी. पाय आखूड झालाय, पंजा बाहेरच्या बाजूला वळलाय, उठता येत नाही. घरात चर्चा काय होते, की वय झालंय, भूल सोसवेल का, राहू द्या खाटेवर, जितके दिवस आहेत तितके. या निर्णयावर माझं ठाम मत आहे. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांमधला साधारण चार-पाचांत एक जण वर्षाच्या आत जातो, असं जगभरच्या अभ्यासांमध्ये दिसतं, आणि त्यात खाटेवर पडून राहिल्याने होणारा न्यूमोनिया, पाठीच्या जखमा, लघवीचं इन्फेक्शन, पायातून फुफ्फुसात गेलेली रक्ताची गाठ यांचा मोठा हात असतो. म्हणून शक्यतो ४८ तासांच्या आत ऑपरेशन आणि दुसऱ्याच दिवशी उठवून बसवणं, वॉकर धरून उभं करणं. ऑपरेशन फक्त चालण्यासाठी नसतं, बसता यावं, कूस बदलता यावी, वेदना कमी व्हाव्या यासाठीही असतं. बीपी-शुगरच्या गोळ्यांची यादी आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती भरती होतानाच सांगा, नाहीतर तिथेच दोन-तीन दिवस जातात.

ऑपरेशनमध्ये खुब्याचा गोळा बदललेला असेल तर उकिडवं बसणं, खाली मांडी घालणं बंद, संडासाला खुर्ची लागते. ती आधी आणा, मग पेशंट घरी आणा.

सहावी पायरी: घरी आल्यावर

टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात. तोवर जखम कोरडी. एखादा दिवस थोडं पाणी, रक्तासारखं ओलं लागलं तर घाबरू नका, पण आधी कमी झालेलं दुखणं परत वाढलं, जखम लाल-गरम झाली, घट्ट किंवा वासाचा स्राव आला, ताप आला, तर गावातल्या मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून पाच दिवस ढकलू नका. धातूवर जंतूंचा थर बसला की गोळीने तो जात नाही, लवकर गेलात तर धुवून प्लेट-रॉड वाचतो, उशिरा गेलात तर दोन-तीन ऑपरेशनं लागतात. साध्या बंद फ्रॅक्चरच्या ऑपरेशनमध्ये हे शंभरात एखाद-दुसऱ्याला होतं, मोठ्या उघड्या जखमेत कितीतरी जास्त. शुगर असेल तर ती ताब्यात ठेवणं हाच इन्फेक्शनवरचा निम्मा इलाज.

एका पायाची पोटरी सुजली, दाबल्यावर दुखते, किंवा अचानक छातीत दुखून दम लागला, तर रक्ताची गाठ असू शकते. त्या पोटरीला मालीश करायची नाही, सरळ हॉस्पिटल.

वजन टाकण्याबद्दल. "थोडं वजन टाका" असं डॉक्टर म्हणतात आणि थोडं म्हणजे किती हे कुणालाच कळत नाही. घरात वजनकाटा असेल तर त्यावर तो पाय ठेवून दाबून बघा, वीस किलो सांगितलं असेल तर वीसवर काटा येईपर्यंत दाबायचं, चार-पाच वेळा केलं की पायाला ते लक्षात राहतं. घाई केली तर प्लेट मोडते, हो, स्टीलची प्लेटसुद्धा, रोज हजारो वेळा वाकून-वाकून मोडते, तिचं काम हाड जुळेपर्यंत सांभाळायचं आहे, आयुष्यभर वजन पेलायचं नाही. आणि उलट, डॉक्टरांनी चाला म्हटल्यावरही भीतीने चार महिने खाटेवर राहणारेही आहेत, त्यांचंही हाड नीट भरत नाही, कारण हाडाला भार लागतोच. वॉकरच्या खालचे रबर झिजले असतील तर बदला. उन्हाळ्यात कूलरचं पाणी फरशीवर सांडलेलं असतं, त्यावर दुसरं फ्रॅक्चर होतं.

खाण्यात वेगळं काही महाग लागत नाही. कळण्याची भाकर, उडदाची दाळ, दूध, अंडी, शेंगदाणे, जमत असेल तर मटण. सकाळचं ऊन अंगावर घ्या, ड जीवनसत्त्व आपल्याकडे उन्हाच्या देशातही पुष्कळांना कमी असतं. "आंबट खाल्लं की पू होतो", "दूध-भात टाळ" हे सोडून द्या. सोडायचं काय तर तंबाखू, बिडी, गुटखा, मिश्री. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये हाड न जुळण्याचा धोका न ओढणाऱ्यांच्या साधारण दुप्पट असतो, जखमही उशिरा भरते. सगळ्यात महागडा रॉड बसवून खिशात बिडीबंडल ठेवणारे भाऊ मी बघते तेव्हा जीव तुटतो.

प्लास्टरमध्ये मे महिन्यात खाज सुटते, आत पट्टी किंवा विणायची सुई घालून खाजवू नका, जखम होऊन आत सडते. पंखा लावा, वरून टिचक्या मारा.

सातवी पायरी: व्यायाम, आणि मालीशचा विषय

प्लास्टरच्या बाहेर जे आहे ते पहिल्या दिवसापासून हलवायचं. मनगटाला प्लास्टर असेल तर बोटं पूर्ण मिटून उघडायची आणि खांदा डोक्यावर न्यायचा, दर तासाला. हे नाही केलं तर मनगट बरं होतं आणि खांदा आखडतो, नव्याने येणाऱ्यांमध्ये सगळ्यात जास्त हेच दिसतं. हात सुजलेला, चकचकीत, हात लावला तरी आग होते, असं आठवड्यानंतरही असेल तर तसं डॉक्टरांना सांगा, तो नसांचा वेगळा त्रास असतो आणि लवकर व्यायाम सुरू केला तर आटोक्यात येतो.

कोपराला मालीश कधीही नाही. मोहरीचं तेल लावून कोणी जोर लावून कोपर सरळ करून दिलं, तर आजूबाजूच्या स्नायूत हाड तयार होतं आणि कोपर कायमचा अडकतो. लहान मुलांचा कोपर तर खेळता-खेळता आपोआप मोकळा होतो, त्याला काही महिने द्या, बादली हातात लटकवू नका.

आठवी पायरी: हाड जुळत नाहीये हे कसं कळणार

मनगटाला साधारण सहा आठवडे, मोठ्या माणसाच्या नडगीला आणि मांडीला चार-पाच महिने, पोरांना याच्या बरंच कमी. हे अंदाज आहेत, शेजारच्या भाऊंचं तीन महिन्यांत झालं म्हणून तुमचं झालंच पाहिजे असं नाही. पण वजन टाकल्यावर त्याच जागी दुखत राहिलं आणि दोन-तीन एक्स-रेंत काहीच नवीन दिसलं नाही, तर हाड उशिरा जुळतंय किंवा जुळतच नाहीये. नऊ महिने उलटले आणि शेवटच्या तीन महिन्यांत प्रगती नाही, तर बहुतेक वेळा परत ऑपरेशन लागतं, कमरेतलं हाड काढून तिथे भरतात, रॉड बदलतात. त्यासाठी जुने सगळे एक्स-रे लागतात. डिजिटल फिल्म उन्हात, पत्र्याच्या घरात काळी पडते, म्हणून प्रत्येकीचा मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, डिस्चार्ज कार्डचा पण, आणि बसवलेल्या सामानाचं स्टिकर असतं त्याचा पण.

नंदुरबार आणि सातपुड्याच्या पट्ट्यातल्या लोकांसाठी वेगळं सांगते. घरात सिकलसेल (रक्तातल्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात तो आनुवंशिक आजार) असेल, किंवा कधी तपासलंच नसेल, तर ऑपरेशनच्या आधी तपासणी करून घ्या आणि भूलतज्ज्ञाला सांगा. सिकलसेलमध्ये पेशंटला पाणी कमी पडू देणं, गारठू देणं, ऑक्सिजन कमी होऊ देणं धोक्याचं असतं, रक्त थांबवायचा पट्टा वापरायचा की नाही यावर आधी विचार करावा लागतो. आणि असा तरुण मुलगा न पडता खुब्यात दुखतंय म्हणून लंगडत असेल, तर तो मार नाही, खुब्याच्या गोळ्याचं रक्त कमी होऊन तो सुकत असू शकतो, त्याचा वेळेवर एमआरआय व्हायला हवा.

शेवटची पायरी: रॉड-प्लेट काढायची का

बहुतेकांना काढायची गरज नसते. त्रास नसेल, म्हातारं माणूस असेल तर राहू द्या, एमआरआय आताच्या बहुतेक सामानासोबत होतो, फक्त मशीनवाल्याला आधी सांगायचं. टोचतंय, इन्फेक्शन आहे, किंवा वाढत्या वयाचं मूल आहे, तर डॉक्टर काढायला सांगतील. पोरांच्या कोपराच्या बारीक तारा तीन-चार आठवड्यांत ओपीडीतच निघतात. मोठ्या माणसाच्या कोपर-मनगटामधल्या हाडांची प्लेट मात्र दीड-दोन वर्षांच्या आत काढायची घाई करू नका, आणि काढल्यावर स्क्रूची भोकं भरेपर्यंत दोन-तीन महिने केळीचा घड उचलणं, पोतं खांद्यावर घेणं, बाईक लांबवर हाणणं बंद, कारण त्याच भोकातून हाड परत मोडतं.